पिकअपची ताकद वाढवायची म्हणजे नक्की काय वाढवायचं?



आज वाळवण नाही, उपवासाची भाजी नाही. आज पिकअपबद्दल लिहिणार आहे. हसू नका. तासगाव-मिरजेकडं ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यांच्या दारात पिकअप आहेच. स्वतःची नाहीतर भाड्याची. तिचा हप्ता, टायर, डिझेल सगळं आपल्याच संसारातून जातं. वर्षाच्या तिखटासाठी किलोमागं दहा रुपये कुठं वाचतील ते बघत आपण चार दुकानं फिरतो, आणि गाडीला लाख रुपये लागणार म्हटल्यावर "त्यातलं आपल्याला काय कळतंय" म्हणून गप्प बसतो. माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे.

झालं असं. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलानं जुनी दीड टन पासिंगची पिकअप घेतली. आठ दिवसांत गॅरेजमधून यादी घेऊन आला. इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायची, त्याला ते रिमॅप म्हणतात. मोकळा सायलेन्सर. उघडा कोन फिल्टर. रुंद टायर आणि अलॉय. प्रेशर हॉर्न. पांढरे झगझगीत दिवे. आणि मागच्या कमानीला दोन्हीकडं दोन-दोन पाटे जादा. सगळे मिळून एक लाख साठ हजार. पैसे कुठून? जाऊबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून. पाट्यांसाठी पाटल्या! मी बोलले तर म्हणाला, "काकू, तुम्हाला गाडीतलं काय कळतंय?"

मला कळतं, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही ते भोगलंय. आमच्याही गाडीला पाटे वाढवले होते. दीड टनाच्या गाडीत अडीच टन द्राक्षं भरून वाशी मार्केटला पाठवायचो. गाडी मागं बसायची नाही, दिसायला ताठ. हे म्हणायचे, "बघ, कशी दमदार झाली." नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना पहाटे ब्रेक लागेना. ड्रायव्हर पोरानं गाडी दुभाजकावर घातली, म्हणून पुढच्या रिक्षातली माणसं वाचली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्याची आई आमच्या दारात आली ती भांडायला नाही, नुसती बसून राहिली. मी चहा केला. तो तिनं घेतला नाही.

नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आम्हाला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की हौदा एक्सलकडं खाली दबतो, त्या दबण्यावरून व्हॉल्व्हला वजन कळतं आणि तो मागच्या चाकांना ब्रेक जास्त देतो. पाटे वाढवले की हौदा दबतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग अडीच टनाचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, लांब उतारावर ते तापतात आणि पकड सुटते. म्हणजे पाटा टाकल्यानं वजन पेलायची ताकद वाढत नाही. तीच चाकं, तेच बेअरिंग, तेच ब्रेक. फक्त गाडी दमली आहे हे दिसायचं बंद होतं. शिवाय रिकामी परत येताना ती इतकी उडते की मागची चाकं रस्ता सोडतात. आणि कडक कमानीवर द्राक्षांचे मणी दबतात ते वेगळंच. मार्केटमध्ये क्रेट उघडल्यावर दलाल भाव पाडतो.

आता आपल्या धर्माकडं येते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, हे पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकीला पाठ असेल. आपण ते बैलापाशी सोडून दिलं. बैल गेले, गाडी लोखंडाची, तिला कुठं जीव आहे! पण समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार काढून बघा. तिथं जादा भार दोनदा आलाय. एकदा अहिंसेच्या अतिचारांत आणि पुन्हा परिग्रहपरिमाणाच्या अतिचारांत, तेही अतिवाहनाच्या, म्हणजे हावेपायी शक्तीबाहेर दामटण्याच्या जोडीनं. गाडीला जीव नसेल, पण हाव भरणाऱ्याचीच असते ना? आणि लोखंडाच्या आत एक जीव बसलेला असतोच, स्टिअरिंगमागं. रात्री आठला निघालेल्या त्या पोराला "पहाटेच्या लिलावाला पोचलंच पाहिजे" म्हणून आपण जेवायलाही थांबू देत नाही. त्याच यादीत अन्नपाननिरोध आहे. दशलक्षणात आपण दहा दिवस एकाशन करायचं आणि आपल्या ड्रायव्हरला आपल्या घाईपायी उपास घडवायचा!

यावर आमच्या घरातलं उत्तर ठरलेलं आहे. "एका फेरीत दीड फेरीचा माल गेला तर डिझेल वाचतं, रस्त्यावरचे किडे कमी मरतात, म्हणजे हिंसा कमीच." ऐकायला छान वाटतं. पण फेरी वाचवून जे पैसे उरले ते जीवदयेला गेले का? ते हॉर्नला गेले. आणि ज्याला खरंच फेऱ्या कमी करायच्या आहेत त्यानं जास्त पासिंगची गाडी घ्यावी, नाहीतर शेजाऱ्याबरोबर मोठी गाडी भाड्यानं करावी. कमी पासिंगचा कर आणि विमा भरून जास्त माल नेणं याला काटकसर म्हणत नाहीत.

रिमॅपबद्दल. या गाड्यांची इंजिनं मुद्दामच बेताच्या ताकदीची ठेवलेली असतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वजन ओढायला. ताकद वाढवली तरी क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्याच हिशोबाचे राहतात. वर मालवाहू गाडीला ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो, तोही ही पोरं काढून टाकायला सांगतात. ६० च्या जागी ८० नं गेलं तर गाडी थांबवायला पावणेदोनपट जोर शोषावा लागतो. पळण्यासाठी खर्च, थांबण्यासाठी शून्य. मागून काळा धूर निघतो त्याचं पोरांना कौतुक. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आपल्याच पैशाचं. उघडा फिल्टर तर आपल्या मुरमाच्या रस्त्यावर धूळच इंजिनात ओढतो. कंपनीचा कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो, तो वेळेवर बदलला की पुरे.

प्रेशर हॉर्न आणि मोकळा सायलेन्सर याला माझ्याकडं एकच शब्द आहे, अनर्थदंड. कुणाचा काही फायदा नाही आणि गोठ्यातल्या गाभण म्हशीपासून दवाखान्यातल्या माणसापर्यंत सगळ्यांना त्रास. कायद्याचंही सांगते, कारण धर्मानं ऐकत नाहीत ते दंडानं ऐकतात. जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. कागदपत्रात नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला एकेका बदलाला ५,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बदल आधी शोधते.

मग खर्च करूच नये का? करावा. आधी टायर. त्यावर चार आकडे असतात, ३५२१ असेल तर तो २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी जुना टायर कडक होतो, पावसात घसरतो. लोड इंडेक्सही वाचा, १०० लिहिलं असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो. कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर रुंद असला तरी घ्यायचा नाही. मग ब्रेक: लायनर, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि तापल्यावर दगा देतं. शॉकअप आणि बुश नवे टाका, माल निम्मा कमी खराब होतो असं आमचे हे आता स्वतः सांगतात. हौद्याला मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी चमकणारी पट्टी. आपल्याकडं ऊसतोडीच्या दिवसांत रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात, तिथं आपली गाडी दुसऱ्याला दिसणं महत्त्वाचं. आणि सीट. बारा तास बसणाऱ्याच्या पाठीखालचा फोम फाटलेला असतो आणि आपण अलॉय बघतो.

हे सगळं जाऊबाईंनी वहीत उतरवलं, दुकानातून भाव आणले. पंचावन्न हजारांत बसलं. पाटल्या कपाटातच राहिल्या. पाटे रद्द, रिमॅप रद्द. दिरांनी चार दिवस अबोला धरला, मग पट्टी चिकटवताना स्वतःच शिडी धरायला आले. पुतण्या अजून फुगलेला आहे. हॉर्न त्यानं आधीच आणून ठेवला होता, दुकानदार परत घेत नाही म्हणतो. तो खोक्यासकट गोठ्यात पडलाय, आणि रोज सकाळी धार काढताना मी बघते, खोकं अजून चिकटपट्टीनं बंद आहे ना.