दार आपले, रस्ता सर्वांचा



नवे घर बांधायला काढले की चौकट कोणत्या दिशेला बसवावी, हे आपण दहा जणांना विचारतो. पण कवाड आत उघडायचे की बाहेर, हे मात्र सुताराच्या नाही तर वेल्डरच्या मर्जीवर सोडून देतो. अंगण लहान असते, आत मोटारसायकल उभी करायची असते, म्हणून फाटक सरळ रस्त्यावर उघडते. अशा वेळी उसाची ट्रॉली आली, सायकलवरचे पोर कडेला सरकले आणि नेमके तेव्हाच कोणी आतून लोखंडी फाटक ढकलले, तर काय होईल हे सांगायला नको. आतल्याला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरच्याला आतला माणूस दिसत नाही.

कायद्याने हा धोका फार पूर्वीच ओळखला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३११ आहे. तळमजल्याचे दार, फाटक किंवा खिडकी रस्त्यावर उघडून रहदारीला अडथळा होत असेल, तर आयुक्त लेखी नोटीस देऊन मालकाला ते बदलायला लावू शकतात.

आपल्या गावासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आहे. त्याच्या कलम ५३ प्रमाणे गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, ओटा किंवा पायरी पुढे काढणाऱ्यास दंड होतो, आणि तो अडथळा काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला आहे. पंचायतीने काहीच केले नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तेव्हा बांधकामाआधीच एवढे करा. ग्रामपंचायतीत जाऊन रस्त्याची हद्द आणि लागणारी परवानगी विचारून घ्या. फाटक आतच उघडेल अशा बिजागऱ्या लावा. जागा नसेल तर सरकते फाटक करा. उंबऱ्याची पायरी आपल्याच जागेत ठेवा. गटारावर दगडमाती टाकून वाट करू नका, खाली नळा घाला. नाही तर पावसाळ्यात तुमचे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल. जागा असेल तर फाटक थोडे मागे घ्या, म्हणजे ते उघडेपर्यंत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर रस्त्यात उभा राहणार नाही. घर राष्ट्रीय महामार्गालगत असेल, तर महामार्गावर वाट काढण्यासाठी वेगळी परवानगी लागते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. शाळा, सभागृह अशा गर्दीच्या जागी दार बाहेरच उघडले पाहिजे. आग लागली की माणसे दारावर लोटतात आणि आत उघडणारे दार त्या रेट्यापुढे उघडतच नाही. पण तेही आवारात उघडावे, रस्त्यावर नव्हे.

शेताच्या वहिवाटीच्या वाटेवर कोणी फाटक लावून अडवले, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पुष्कळ जण भाऊबंदकीत बोलणी करण्यातच ही मुदत घालवतात. बोलणी जरूर करा, पण तारीख लिहून ठेवा.

फाटक बसवताना बिजागरीची बाजू बदलायला काही खर्च येत नाही. नंतर बदलायचे म्हटले, तर पैसाही जातो आणि शेजारही तुटतो.