विमान आपले, इंजिन कोणाचे?

युद्धाची बातमी आली की आमच्या गल्लीबोळांत संरक्षणतज्ज्ञांचे पीक येते. राफेल श्रेष्ठ की सुखोई, अमेरिकेचे एफ-३५ घ्यावे की रशियाचे एसयू-५७, यावर चहा निवेपर्यंत वाद रंगतात. गावसकर मोठा की तेंडुलकर, त्याच चालीवरचा हा वाद! पण ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, ज्याच्या सांबऱ्यात वायुसैनिक घडतात, तेथे तरी हा पोरखेळ शोभत नाही. शस्त्रांची निवड चुकली तर किंमत कोणाच्या घरी मोजली जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

१९९९ चे कारगिल आठवा. २७ मे रोजी एक मिग-२१ आणि एक मिग-२७ अशी दोन विमाने आपण गमावली. दुसऱ्याच दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. मग पुढे आले मिराज-२०००. तेही काही नवे नव्हते, १९८५ साली दाखल झालेले. पण आपल्या तंत्रज्ञांनी आणि वैमानिकांनी लढाई चालू असतानाच त्याला लेसरने दिशा देणारे यंत्र व बॉम्ब जुळवले. २४ जूनला टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर अचूक मारा झाला. विमान तेच, बदलले ते शस्त्र आणि ते जुळवणारे हात. आणि एवढे होऊनही शिखर सर करायला पायदळाचा जवानच चढून गेला.

आता काही विद्वान म्हणतात, विमानांचे दिवस संपले, ड्रोनचे आले. दाखला देतात १ जून २०२५ चा. त्या दिवशी युक्रेनने मालमोटारींतून लपवून नेलेल्या ड्रोननी रशियाचे विमानतळ पेटवले. दाखला खरा, निष्कर्ष उतावळा. ड्रोन स्वस्त होते, पण त्यांच्यामागे दीड वर्षाची तयारी होती, आणि रशियाची बॉम्बफेकी विमाने उघड्यावर उभी होती. त्याच युद्धात रशियन विमाने दुरूनच तरंगते बॉम्ब सोडून युक्रेनची गावे उद्ध्वस्त करीत आली आहेत. मग विमान निकामी कसे झाले? ड्रोन हवेत, ते पाडणाऱ्या तोफा हव्यात, विमानांना पक्के निवारेही हवेत. एकाच शस्त्राची आरती ओवाळून युद्ध जिंकता येत नाही.

खरे दुखणे वेगळेच आहे. वायुदलाला मंजूर ४२ स्क्वाड्रन. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ला ६२ वर्षांच्या सेवेनंतर निरोप दिला, तेव्हा उरल्या २९. १२६ विमानांसाठी २००७ साली निविदा निघाली. २०१६ मध्ये करार झाला तो ३६ राफेलचा. नऊ वर्षे चर्चा आणि शेवटी पावशेर!

याहून मोठी लाज इंजिनाची. आपले 'मारुत' लढाऊ विमान १९६१ साली उडाले, पण त्याच्या तोलाचे इंजिन त्याला कधीच मिळाले नाही. १९८९ मध्ये 'कावेरी' इंजिनाचे काम हाती घेतले. 'तेजस' आजही अमेरिकी इंजिनावर उडते. ती इंजिने वेळेवर आली नाहीत, म्हणून वायुदलाला विमानांची वाट पाहावी लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेले तेजस आकाशात गेले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटतोच. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

जेट इंजिनातील वायू इतका तापतो की त्यापुढे पात्यांचा धातू वितळावा. तरीही न वितळणारी पाती ओतणे, ही खरी विद्या. ती विकत देताना कोणताही देश हात आखडतो. उद्यमबागेच्या फौंड्र्यांमुळे ओतकामाची विद्या ठाऊक असलेल्या आपल्या गावाने तरी हे ओळखावे. मुलांना विमानांची नावे पाठ आहेत, कौतुक आहे. आता त्यांना धातुशास्त्र शिकवा. आणि मते मागायला येणाऱ्याला कोणते विमान घेणार हे विचारू नका. आपले इंजिन कधी देणार, हे विचारा.