अणुवीज : आकडा नको, मुदत आणि दर सांगा

देशातील अणुवीज 2047 पर्यंत 1 लाख मेगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. आमच्या धंद्याशी याचा काय संबंध, असे मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागधारक विचारील. संबंध आहे. वीज गेली की मजुराची पाळी बुडते आणि दर वाढला की मजुरीवर कापड विणणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. अणुभट्टी ऊन-पाऊस न पाहता रात्रंदिवस चालते, धूरही करीत नाही. म्हणून अणुविजेला आमचा सरसकट विरोध नाही.

परंतु शहाणा व्यापारी नवा वायदा ऐकण्याआधी जुन्या वायद्याचे काय झाले ते पाहतो. देशातील पहिले अणुवीज केंद्र 1969 मध्ये आपल्या तारापूरला सुरू झाले. सन 2000 पर्यंत 10,000 मेगावॅट, असा बेत 1984 मध्ये ठरला. 2000 साली प्रत्यक्षात होते सुमारे 2,700. 2025 अखेरीसही क्षमता 9,000 च्या आतच होती आणि देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे 3 टक्के. आता 22 वर्षांत अकरा पट वाढ व्हावयाची आहे! कल्पाक्कमच्या 500 मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचे काम 2004 मध्ये सुरू झाले. ती 2010 मध्ये पूर्ण व्हावयाची होती. 2024 संपले तरी तिची वीज मिळाली नव्हती.

रखडलेल्या बांधकामावर व्याज चढते आणि ते शेवटी युनिटच्या दरातून वसूल होते. दराकडे डोळेझाक केल्याची किंमत महाराष्ट्राने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पात मोजली आहे. तो 2001 मध्ये बंद पडला.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 'शांती' कायदा करून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. भांडवल येईल, हे खरे. पण सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याची 2010 च्या कायद्यातील तरतूद काढून टाकण्यात आली. सर्वांत मोठ्या केंद्राच्या चालकाचीही जबाबदारी 3,000 कोटी रुपयांवर थांबते. खराब माल दिला तर तो परत घ्यावा लागतो, हा नियम बाजारात लहान कारागिरालाही लागू आहे. मग तो अणुभट्टी विकणाऱ्या कंपनीला का नसावा?

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला 9,900 मेगावॅटचा प्रकल्प योजलेला आहे. त्याला विरोध करताना एप्रिल 2011 मध्ये साखरी नाटे येथे पोलीस गोळीबारात एकाचा बळी गेला. तेथील आमच्या मच्छिमार बांधवांना वीज नको आहे असे नाही. समुद्रात गरम पाणी सोडल्यावर मासळीचे काय, एवढेच ते विचारतात. याचे लेखी उत्तर त्यांना मिळावयास हवे.

संधीही आहे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरात अणुभट्ट्यांचे भाग तयार होतात. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या आपल्या वर्कशॉपवाल्यांनी दर्जाचे प्रमाणपत्र आणि तपासणीची कागदपत्रे आतापासूनच तयार ठेवावीत. मात्र ऑर्डर हाती येईपर्यंत कर्ज काढून यंत्रे घेऊ नयेत.

उधारीचा व्यवहार लेखी असावा, त्याची मुदत ठरलेली असावी, अशी आपल्याला शिकवण आहे. सरकारनेही प्रत्येक प्रकल्पाची मुदत, युनिटचा दर आणि नुकसानीची जबाबदारी लिहून जाहीर करावी. मगच 2047 च्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल.