दुसऱ्याच्या ओंजळीने डॉलर

भारतातून येणाऱ्या फोनचे विषय दर चार-पाच वर्षांनी बदलतात. एके काळी 'जीआरईला किती मार्क लागतात' हा विषय होता, मग 'एच-वनचं काय चाललंय' आला. हल्ली कुणा ना कुणा भाच्या-पुतण्याचा प्रश्न असतो, "काका, अफिलिएट मार्केटिंगमध्ये घरबसल्या डॉलर मिळतात ना? तुम्ही तर तिकडेच आहात!"

हो, मी तिकडेच आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावात. आणि याच राज्यात या धंद्याचं एकदा काय झालं, ते घरबसल्या डॉलरवाले सांगत नाहीत. नवशिक्यांच्या चुकांच्या याद्या मात्र ढिगाने मिळतात. वस्तू चुकीची निवडली, मथळा पकड घेणारा नव्हता, ट्रॅकिंग लावलं नाही, धीर धरला नाही... या चुका खोट्या आहेत असं नाही. पण माझ्या मते नवशिक्याची मोठी चूक तंत्राची नसतेच. तो असतो दलाल, आणि स्वतःला समजतो दुकानदार. बाकीच्या चुका या एका गैरसमजातून निघतात.

(दलाल हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाहीये. बाजार समितीतला अडत्याही दलालच. पण त्याच्याकडे परवाना असतो, गाळा असतो, आणि शेतकरी त्याला नावाने ओळखतो. तुमच्याकडे काय असतं? एक लिंक.)

आधी धंदा समजून घेऊ. तुम्ही कुठल्या तरी वस्तूची लिंक देता, त्या लिंकवरून जाऊन कुणी खरेदी केली की दुकान तुम्हाला टक्केवारी देतं. ॲमेझॉनने हा प्रकार १९९६ साली सुरू केला. ट्रॅफिक आर्बिट्राज ही त्याच्या पुढची पायरी. स्वतःकडे वाचक नाहीत ना, मग गूगल-फेसबुकवर जाहिरात देऊन माणसं विकत आणायची आणि दुकानाकडे पाठवायची. जाहिरातीला गेले चार रुपये, कमिशन आलं पाच, म्हणजे एक रुपया खिशात. कागदावर सुंदर!

चूक पहिली : ओटा परक्याचा

२००९ साल. अमेरिकेत हजारो लोक गूगलवर जाहिराती देऊन गिऱ्हाईक थेट ॲमेझॉनकडे पाठवायचे आणि मधला फरक खायचे. ॲमेझॉनने कळवलं की १ मेपासून सर्च इंजिनांवर पैसे देऊन आणलेल्या अशा गिऱ्हाइकावर अमेरिकेत आणि कॅनडात कमिशन मिळणार नाही. विषय संपला. ज्यांनी चार-चार वर्षं खपून जाहिरातीचे शब्द आणि दर पाठ केले होते, त्यांचं ते ज्ञान त्या दिवसापासून या दुकानाच्या बाबतीत कुचकामी झालं.

पण ते निदान पैसे देऊन गिऱ्हाईक आणणारे होते. ज्यांनी स्वतः लिहून, मेहनतीने वाचक जमवले होते, त्यांचं काय? त्यांची पाळी आठ आठवड्यांत आली, आणि ती आमच्याच राज्यात.

त्याचं कारण थोडं सांगतो. अमेरिकेत विक्रीकर राज्याचा असतो. १९९२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे ज्या दुकानाचं राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व नाही, त्याच्याकडून राज्याला कर गोळा करून घेता येत नव्हता. न्यूयॉर्कने २००८ मध्ये शक्कल लढवली: राज्यात बसून कमिशनवर गिऱ्हाईक पाठवणारे लोक म्हणजेच दुकानाचं अस्तित्व! नॉर्थ कॅरोलिनाने तोच कायदा करायला घेतला. ॲमेझॉनने कायदा होण्याचीही वाट पाहिली नाही. २६ जून २००९ ला राज्यातल्या सगळ्या अफिलिएटांचे करार एका ईमेलने रद्द केले. कायदा ऑगस्टमध्ये झाला. हवाईतही तसंच केलं, पण तिथल्या राज्यपालांनी तो कायदा नाकारल्यावर तिथल्या लोकांना परत घेतलं.

यात त्या लोकांची चूक काय होती? मथळा चुकला होता? ट्रॅकिंग लावलं नव्हतं? काहीही नाही. त्यांचा पत्ता चुकला होता! कॅरीत राहणारा गेला, आणि सरहद्दीपलीकडे व्हर्जिनियात राहणारा त्याच कामाचे पैसे घेत राहिला. ॲमेझॉनने नॉर्थ कॅरोलिनात कर गोळा करायला सुरुवात केली ती थेट १ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे साडेचार वर्षांनी. चहाच्या टपरीवाल्यालाही इतके दिवस टपरी बंद ठेवून जगता येत नाही.

मी ॲमेझॉनला खलनायक ठरवत नाहीये. दुकान त्याचं, गिऱ्हाईक त्याचं, नियम त्याचे. एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात कोंडलेले असताना, त्याने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं आणि किराण्यावरचं ५ वरून १ वर. तेही त्याच्या अधिकारातच. मुद्दा एवढाच की तुमचं उत्पन्न एका रात्रीत निम्म्याहून खाली आणायला दुसऱ्याला तुमची सही लागत नाही. याला आपल्याकडे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात.

चूक दुसरी : वजाबाकी न करणं

शिकवणारे बेरीज दाखवतात. स्क्रीनवर 'या महिन्याचं कमिशन १,८०,०००' असा आकडा. जाहिरातीवर किती गेले ते दाखवत नाहीत.

एक साधा हिशेब मांडू. समजा एक क्लिक चार रुपयांना पडते. हजार क्लिकचे चार हजार गेले. हजारातले शंभर जण तुमच्या पानावरून पुढे दुकानात गेले आणि त्यातल्या तिघांनी दीड-दीड हजाराची वस्तू घेतली. ४ टक्क्यांनी प्रत्येकी ६० रुपये, एकूण १८०. चार हजार घालून एकशे ऐंशी! त्यातली एखादी वस्तू परत गेली तर तिचं कमिशनही कापलं जातं. शिवाय जाहिरातीचे पैसे आज कार्डावरून जातात, कमिशन दोन महिन्यांनी येतं. म्हणजे मधले दोन महिने तुम्ही स्वतःच्या पैशाने एका बलाढ्य कंपनीची जाहिरात करताय.

माझे आकडे बदला, तुमचे घाला. पण घाला तरी! वहीत खर्चाचा रकाना आधी आखा.

चूक तिसरी : शंभर क्लिकवर निकाल

कॅरीत सॅस नावाची मोठी सॉफ्टवेअर कंपनी आहे, १९७६ सालची. तिचा सगळा पसारा संख्याशास्त्रावर उभा आहे. त्या गावात राहून हे सांगितलं नाही तर पाप लागेल.

समजा तुमची जाहिरात खरोखर शंभर क्लिकमागे सरासरी एक विक्री देणारी आहे. तीन मित्रांनी तीच जाहिरात शंभर-शंभर क्लिक चालवली. प्रत्येकाला एकही विक्री न होण्याची शक्यता ३७ टक्के, नेमकी एक होण्याचीही ३७ टक्के, आणि दोन किंवा जास्त होण्याची २६ टक्के. म्हणजे जाहिरात एकच, पण पहिला म्हणणार "फालतू आहे", दुसरा म्हणणार "बरी आहे", आणि तिसरा वडिलांकडून पन्नास हजार मागून आणणार. आणि नंतर 'यशाची कहाणी' सांगायला बोलावतात तो तिसऱ्यालाच. पहिल्याला कोण विचारतो?

चूक चौथी : आत यायचे पैसे भरणं

ही सगळ्यात महागडी. इथून दीड-पावणेदोन तासांवर लेक्सिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे झीकरिवॉर्ड्स नावाची कंपनी होती. तिच्या सभासदांनाही 'अफिलिएट'च म्हणत. काम काय, तर पैसे भरायचे, रोज इंटरनेटवर एक फुकटची जाहिरात टाकायची आणि कंपनीच्या 'नफ्यातला' रोजचा वाटा घ्यायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेक्युरिटीज कमिशनने ती बंद केली तेव्हा दहा लाखांहून जास्त लोक आणि ६० कोटी डॉलर त्यात अडकले होते. वाटला जाणारा पैसा बहुतेक सगळा नव्याने येणाऱ्यांच्याच खिशातला होता. मालक पॉल बर्क्स याला २०१७ मध्ये १४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली.

अमेरिकन लोक भोळे म्हणून हसू नका. आपल्याकडे २०१०-११ मध्ये स्पीक एशियात काय झालं? अकरा हजार भरा, घरबसल्या सर्व्हे भरा, दर आठवड्याला पैसे घ्या! शेवट मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या दारात. त्या जाहिराती काय किंवा ते सर्व्हे काय, फक्त 'मी काम करतोय' असं वाटावं म्हणून होते. फुकट पैसे घ्यायची मध्यमवर्गीय माणसाला लाज वाटते, म्हणून त्याला रोज पाच मिनिटांचं काम दिलं जातं.

खरा कमिशनचा धंदा तुमच्याकडून प्रवेश फी घेत नाही. जो घेतो त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच. आणि ९९ रुपयांच्या 'मास्टरक्लास'मध्ये शेवटी चाळीस हजारांचा कोर्स विकणारेही याच रांगेतले. इतका नफा असता तर त्यांनी तो गुपचूप केला असता, सदाशिव पेठेपासून सांगलीपर्यंत हॉल घेऊन शिकवत बसले नसते.

चूक पाचवी : नात्याला दर लावणं

गिऱ्हाईक मिळेना की लिंका कुटुंबाच्या ग्रुपवर येऊ लागतात. "मावशी, हे मिक्सर फार छान आहे." मिक्सर पाहिलेलाही नसतो! मावशी भाच्यावर विश्वास ठेवून घेते, भाच्याला सत्तर रुपये मिळतात, आणि ती लिंक कमिशनची होती हे तिला माहीत नसतं. अमेरिकेत डिसेंबर २००९ पासून असा आर्थिक संबंध उघड सांगणं अपेक्षित आहे, भारतात जाहिरात क्षेत्राच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये तसे नियम केले. पण त्यासाठी नियम कशाला हवा? मावशीला सांगायची लाज वाटते ना, मग तेच उत्तर आहे.

"पण काही लोक कमावतात ना?" कमावतात. वायरकटर हे त्याचं नाव घेण्यासारखं उदाहरण. २०११ साली सुरू झालं, कमाई मुख्यतः लिंकच्या कमिशनची, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतलं. पण तिथली माणसं वस्तू आणून आठवडेच्या आठवडे वापरत, एकमेकींशी ताडून पाहत, आणि मग 'ही घ्या' म्हणत. लोक त्यांच्या शब्दासाठी यायचे, लिंक नंतरची. ओंजळ स्वतःची होती.

तेव्हा कुणाला करायचंच असेल तर जरूर करा. पंप दुरुस्त करता येत असेल तर पंपांवर लिहा, शिवणयंत्र कळत असेल तर त्यावर. मराठीत खरी, वापरून लिहिलेली माहिती इतकी कमी आहे की वाचक शोधत येतील. एकाच दुकानावर विसंबू नका. वाचकांचे पत्ते स्वतःकडे ठेवा. कमिशन मिळतं हे पहिल्या ओळीत सांगा. जाहिरातीला पैसे घालायचेच तर बुडाले तरी घरात भांडण होणार नाही एवढेच घाला, आणि कर्जाचे किंवा वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे तर अजिबात नाही. नोकरी सोडू नका.

हे सगळं करायला दोन-तीन वर्षं लागतात आणि त्यातून बहुधा महिन्याचं वीजबिल निघतं. फार तर किराणाही. ज्याला हे ऐकून कंटाळा आला आणि तरीही कोर्सची फी भरावीशी वाटतेय, त्याने हॉलमध्ये उभं राहून एकच मागणी करावी: "सर, कमिशनचा आकडा पाहिला. आता त्याच महिन्याचं जाहिरातीच्या खर्चाचं बिल दाखवा." बिल दिसलं तर फी भरा.