धरण शंभर टक्के भरलं म्हणजे नेमकं किती, राजेहो?

दरवर्षी पावसाळ्यात आपल्या अमरावतीत एक बातमी हमखास येते. अप्पर वर्धा 80 टक्के, मग 95 टक्के, मग दारं उघडल्याचे व्हिडिओ. राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागतो: चला, वर्षाची चिंता मिटली!

माझा प्रश्न साधा आहे. शंभर टक्के, पण कशाचे?

टक्के काढायला खाली एक आकडा लागतो. सिंभोऱ्याच्या धरणाचा तो आकडा मी वर्षानुवर्षे पेपरात एकच वाचतो: उपयुक्त साठा 564 दशलक्ष घनमीटर. अमरावती-बडनेऱ्याचं पिण्याचं पाणी, शेतीचं सिंचन, नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाचं पाणी, सगळा हिशेब याच आकड्यावर. धरणात पाणी साठायला लागून तीस-एक पावसाळे होऊन गेले. दर पावसाळ्यात वर्धा नदी मुलताईपासून वरुड-मोर्शीपर्यंतची माती घेऊन येते. ती माती काय हवेत विरघळते का?

पाणी कोणी बादलीनं मोजत नाही. पाण्याची पातळी बघतात आणि त्या पातळीला किती साठा, हे तक्त्यातून काढतात. तळाला गाळ बसला तरी पातळी तीच दिसते, पाणी मात्र कमी असतं. तक्ता जुना असेल तर टक्केही जुनेच.

आता कोणी म्हणेल, "गाळासाठी मृत साठा ठेवलेला असतोच की!" ही समजूत अर्धीच खरी आहे. नदी धरणात शिरते तिथं पाण्याचा वेग पडतो आणि जाड वाळू-रेती तिथंच बसते, म्हणजे वरच्या बाजूला, आपल्या उपयुक्त साठ्यातच. काळ्या मातीचा बारीक कण सावकाश बसतो. कण दहापट बारीक असेल तर तो शंभरपट हळू खाली जातो. म्हणून तो भिंतीपर्यंत वाहत येतो. गाळ दोन्ही टोकांनी धरण खातो.

पण खरा मुद्दा गाळ किती साचला हा नाहीच. तो किती वेगानं साचतोय हा आहे. निजामसागर बघा. आपल्या बीड-लातूरकडून जाणाऱ्या मांजरा नदीवरचं हे धरण 1931 साली झालं. गाळाचा अंदाज धरला होता, पण खरा वेग त्याच्या कितीतरी पट निघाला. सत्तरच्या दशकापर्यंत निम्म्याहून जास्त क्षमता गेली आणि शेवटी धरणाची उंची वाढवावी लागली. अंदाज कागदावर राहिला, गाळ धरणात.

आपल्याकडचा वेग समजा वर्षाला फक्त अर्धा टक्का असेल. समजा म्हणतोय, हा मोजलेला आकडा नाही. 564 चा अर्धा टक्का म्हणजे सुमारे 28 लाख घनमीटर, म्हणजेच जवळपास 10 लाख ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर 10 लाख ट्रॉल्या. उन्हाळ्याचे 100 दिवस धरले तर रोज दहा हजार ट्रॉल्या, त्याही फक्त एका वर्षाचा गाळ काढायला! आता सांगा, पोकलेनसमोर नारळ फोडून फोटो काढल्यानं काय होणार?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 साली आली, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. योजना वाईट नाही. लहान तलावाला तिचा उपयोग होतो, शेतकऱ्याच्या हलक्या रानाला कस मिळतो. पण किती काढला हे सांगायचं आणि किती आला हे सांगायचंच नाही, हा कोणता हिशेब? हप्ता भरल्याची पावती दाखवायची आणि व्याज किती चढतंय त्यावर बोलायचंच नाही, असं आहे हे.

आणि सरासरीवर तर मुळीच जाऊ नका. गाळ रोज थोडा थोडा येत नाही. दोन-चार दिवसांच्या धो-धो पावसात वर्षभराच्या गाळाचा मोठा हिस्सा येऊन जातो. पाऊस असा झोडपून पडू लागला, तर एकूण पाऊस तेवढाच राहूनही गाळाचा वेग वाढतो.

म्हणून मागण्या तीनच:

1. धरणाच्या टक्केवारीसोबत क्षमता शेवटची कोणत्या वर्षी मोजली, ते साल छापा. नाशिकची 'मेरी' संस्था उपग्रह चित्रांवरून अशी मोजणी करते. तंत्र घरचंच आहे.

2. छत्री तलाव असो, वडाळी तलाव असो, गाळ काढण्याआधी आणि नंतर खोली मोजा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. तिन्ही आकडे तलावाच्या काठावर फलकावर लावा.

3. पैसा वरच्या भागात लावा: बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, नाल्याकाठी गवत. एका हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली तरी 10 घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास होते. ती तिथंच थांबवणं पोकलेनपेक्षा केव्हाही स्वस्त. आणि ती माती त्या शेतकऱ्याचीच आहे ना बाप्पा!

सत्तेत कोणीही असो, पुढच्या वेळी कोणी नेता "धरण फुल्ल" म्हणाला की एवढंच विचारा: साहेब, मोजलं कधी?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू, पण आकडे घेऊन या.