‘झीरो’ बिअर : अल्कोहोल नाही, म्हणून चालेल का?

“डॉक्टर, यात अल्कोहोल नाही. मग ही चालेल ना?”

घाटकोपर पश्चिमेच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येतो. कोणी मोबाइलमध्ये कॅनचा फोटो दाखवतं, कोणी पिशवीतून रिकामी बाटलीच काढून टेबलावर ठेवतं. विचारणाऱ्यांत सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलेले चाळिशीतले गृहस्थ असतात. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या बायका असतात. आणि ज्यांच्या घरात आजवर बाटली आलीच नाही, पण कॉलेजातल्या मुलाने फ्रिजमध्ये कॅन आणून ठेवला आहे, असे आईवडीलही असतात.

या तिघांना मी तीन वेगवेगळी उत्तरं देतो. कारण ‘झीरो’ हा शब्द फक्त कॅनमध्ये काय नाही ते सांगतो. तो कॅन तुमच्या घरात कशाच्या जागी आला आहे, यावर खरं उत्तर ठरतं.

‘झीरो’ म्हणजे नेमकं किती?

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय ‘मद्य’ ठरतं. त्याखालचं पेय मद्य ठरत नाही. म्हणून ‘०.०’ आणि ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे दोन शब्द दरवेळी एकाच अर्थाचे नसतात. दुसऱ्या प्रकारात थोडंसं अल्कोहोल असू शकतं.

हे थोडंसं म्हणजे किती? ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ०.५ टक्के अल्कोहोल असेल, तर ते साधारण १.३ ग्रॅम होतं. निरोगी माणसाला याने नशा येत नाही. पण काही रुग्णांसाठी एवढंही जास्त आहे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

बनवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. काही पेयं खऱ्या बिअरसारखी आंबवतात आणि मग त्यातलं अल्कोहोल काढून टाकतात. काहींमध्ये आंबवणं नसतंच. जवाच्या माल्टचा अर्क, साखर, स्वाद आणि सोडा एकत्र केलेला असतो. धार्मिक कारणाने आंबवलेलं काही न घेणाऱ्यांनी लेबल वाचूनच ठरवावं. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असलेल्यांनीही सावध राहावं, कारण जवातही ग्लुटेन असतं.

जपानमध्ये काय घडलं?

या पेयांची चर्चा झाली की जपानचं उदाहरण दिलं जातं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. २००६ साली फुकुओका शहरात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत तीन लहान भावंडांचा जीव गेला. देशभर संताप उसळला आणि २००७ मध्ये कायदा कडक झाला. चालकाबरोबरच त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा होऊ लागली. २००९ मध्ये किरिन कंपनीने ०.०० टक्के अल्कोहोल असलेलं बिअरच्या चवीचं पेय आणलं, २०१० मध्ये सनटोरीने आपलं आणलं. सुरुवातीला गिऱ्हाईक होतं ते गाडी चालवून घरी जाणारा माणूस. पुढे वजन, रक्तदाब आणि लिव्हरची काळजी करणारे लोकही त्याकडे वळले.

याला शरीराचंही एक कारण आहे. अल्कोहोल पचवताना तयार होणारा एक विषारी घटक मोडणारं एन्झाइम सुमारे ४० टक्के जपानी लोकांमध्ये कमकुवत असतं. थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते. अशा माणसाला ऑफिसच्या पार्टीत ग्लास हातात धरता येईल आणि त्रासही होणार नाही, अशी सोय हवीच होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मद्यपानाबाबत पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. पुरुषांनी दिवसाला ४० ग्रॅम आणि स्त्रियांनी २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल घेतलं, की जीवनशैलीच्या आजारांचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. ५ टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं.

आता आपल्याकडची बाटली घ्या. भारतात विकली जाणारी बहुतेक बिअर ‘स्ट्राँग’ असते. ६५० मिलिलिटरची एक बाटली ८ टक्क्यांची धरली, तर तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल झालं. म्हणजे “मी दारू पीत नाही हो, फक्त एक बिअर” म्हणणारे गृहस्थ जपानी पुरुषांसाठी सांगितलेली धोक्याची रेषा त्या एका बाटलीत ओलांडतात. शिवाय ही रेषा म्हणजे सुरक्षित मर्यादा नव्हे. आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आपल्याकडचं चित्र वेगळं का?

जपानमध्ये हा कॅन प्रामुख्याने आधीपासून पिणाऱ्यांच्या हातात गेला. एक बिअर कमी झाली आणि तिच्या जागी हा आला. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातले १५ वर्षांवरचे साधारण १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया दारू पितात. म्हणजे बहुसंख्य लोक पीतच नाहीत. आणि हे पेय वाइन शॉपपुरतं राहिलेलं नाही. किराणा दुकानात, मॉलमधल्या सुपरमार्केटमध्ये, दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर ते मिळतं. मुंबईच्या कूलबर्गने २०१६ पासून आलं, पुदिना, पीच असे स्वाद बाजारात आणले. मोठ्या बिअर कंपन्यांची ‘झीरो’ पेयंही नंतर आली.

त्यामुळे घाटकोपरमध्ये हा कॅन पुष्कळदा ताक, लिंबू सरबत किंवा साध्या पाण्याच्या जागी येतो. अशा घराला त्यातून आरोग्याचा काहीही फायदा नाही. झालाच तर तोटा आहे, आणि तो साखरेचा.

साखरेचा हिशेब असा करा

जपानमधल्या काही ‘झीरो’ पेयांत साखर आणि कॅलरीही शून्य असतात. आपल्याकडच्या अनेक स्वादाच्या माल्ट पेयांत साखर घातलेली असते. कॅनच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो. त्यात ‘शुगर’ किंवा ‘ॲडेड शुगर’ची ओळ शोधा. आकडा बहुधा १०० मिलिलिटरचा असतो, त्यामुळे ३३० च्या कॅनसाठी त्याला ३.३ ने गुणा. समजा १०० मिलिलिटरला ८ ग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे अख्ख्या कॅनमध्ये २६ ग्रॅम, पाच चमचे साखर. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला.

मधुमेह असेल तर ही साखर द्रवरूपात पटकन रक्तात जाते. फॅटी लिव्हर असेल तर जादा साखरेची चरबी बनवण्याचं काम लिव्हरच करतं. म्हणजे ज्या लिव्हरसाठी दारू सोडली, त्याच्यावरच दुसरा बोजा. घ्यायचीच असेल तर बिनसाखरेची, ०.० लिहिलेली निवडा.

मग फायदा कोणाला?

जे नियमित बिअर पितात, पण व्यसनी झालेले नाहीत, त्यांना. शनिवारच्या दोन स्ट्राँग बाटल्यांपैकी एकीच्या जागी बिनसाखरेचा ०.० कॅन आला, तर ४१ ग्रॅम अल्कोहोल वाचलं. त्यातल्या नुसत्या अल्कोहोलच्या कॅलरीच २८५ च्या आसपास होतात, साधारण तीन पोळ्यांइतक्या. आठवड्याला एवढं वाचलं, तरी वर्षाला हिशेब मोठा होतो. मित्रांत बसायचं आहे, गाडी चालवून घरी जायचं आहे, अशा वेळीही हा पर्याय बरा.

पण ‘त्याच्या जागी’ आणि ‘त्याच्या जोडीला’ यांतला फरक विसरू नका. दोन बाटल्या झाल्यावर वर एक झीरो, यात वाचलं काहीच नाही. आणि सोबतचे तळलेले शेंगदाणे, वेफर्स, चकली हा हिशेब तर आपण मांडतच नाही.

मुतखड्यावर बिअर चांगली, हे खरं का?

नाही. हा समज घरोघरी आहे, आणि आता “निदान झीरो तरी घेऊ का?” असं विचारलं जातं. बिअरने लघवी जास्त होते, पण अल्कोहोल शरीरातलं पाणीही कमी करतं. खडा सरकायला मदत करतं ते पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊटने पायाचा अंगठा सुजत असेल, तर बिअर वाईटच. अल्कोहोल नसलेल्या बिअरमध्येही प्युरिन असतात, त्यामुळे तीही औषध समजून पिऊ नका.

यांनी अजिबात घेऊ नये

• दारूचं व्यसन सोडलेले लोक. हे मी सगळ्यात ठळकपणे सांगेन. माझ्याकडचे एक रुग्ण (ओळख पटेल असे तपशील वगळून सांगतो) आठ महिने दारूपासून लांब होते. घरच्यांनी कौतुकाने वाढदिवसाला झीरो बिअर आणली. तीच चव, तोच फेस, तसाच गार ग्लास. तीन आठवड्यांत ते पुन्हा बारमध्ये होते. घरच्यांचा हेतू चांगलाच होता. पण मेंदूला अल्कोहोलइतकीच त्याच्याभोवतीच्या सगळ्या गोष्टींची सवय झालेली असते. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसासाठी घरात ही बाटली आणूच नका.

• डायसल्फिराम ही दारू सोडवण्याची गोळी चालू असलेले. या गोळीवर ०.५ टक्के अल्कोहोलनेही उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असा त्रास होऊ शकतो. काही घरांत ही गोळी नवऱ्याच्या नकळत जेवणात घालतात. कृपा करून तसं करू नका. जीवावर बेतू शकतं.

• गरोदर स्त्रिया, गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया आणि लिव्हर सिरॉसिसचे रुग्ण. थोड्याही अल्कोहोलची शक्यता कशाला ठेवायची?

रोज पिणाऱ्याने एकदम झीरोवर जाऊ नये

“उद्यापासून दारू बंद, फक्त झीरो बिअर” असं ठरवून कुटुंब येतं तेव्हा मला आनंदाबरोबर काळजीही वाटते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर काही तासांत हात थरथरणं, घाम, बेचैनी, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. माणूस नसलेलं बघतो, घरच्यांना ओळखत नाही. हा जीवघेणा प्रकार आहे आणि झीरो बिअर त्यात काहीही मदत करत नाही. फिट, भ्रम किंवा जोराचा ताप दिसला तर राजावाडीसारख्या जवळच्या रुग्णालयात लगेच न्या. सकाळची वाट पाहू नका.

दारू सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. औषधांनी हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईत अनेक ठिकाणी होतात आणि तिथे फी नसते.

आणि मुलं?

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वयाची अट आहे. झीरो पेय कायद्याने मद्य नसल्यामुळे त्याला ही अट लागू होत नाही. दारूच्या जाहिरातींना टीव्हीवर बंदी आहे आणि आडवळणाच्या जाहिरातींवरही २०२२ मध्ये केंद्राने निर्बंध घातले. पण बिअर कंपनीच्या झीरो कॅनवर नाव आणि चिन्ह तेच असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला एका कॅनने लिव्हरचा आजार होणार नाही, हे खरं. पण बिअरची चव, तो ब्रँड आणि ‘मोठं झाल्याची’ भावना यांची ओळख मात्र होते. मुलाने आणलाच, तर आरडाओरडा करू नका. त्याच्याबरोबर बसून लेबल वाचा आणि पाच चमचे साखर वाटीत काढून दाखवा. त्याला घरी हे का नको आहे, ते सरळ शब्दांत सांगा.

कॅन उघडण्याआधी तीन प्रश्न

१. हा कशाच्या जागी आहे? बिअरच्या जागी असेल तर ठीक. पाण्याच्या, ताकाच्या जागी असेल तर गरज नाही.

२. लेबलवर ०.० आहे की नुसतं ‘नॉन-अल्कोहोलिक’? आणि साखर किती?

३. घरात कोणी व्यसनातून बाहेर पडलं आहे का? असेल, तर कॅन दुकानातच राहू द्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना कॅनचा फोटो काढलात, तर मागच्या बाजूचाही काढा. मला बघायचा असतो तो मागचा तक्ता. आणि आठवड्याला खरंच किती पिणं होतं, तो आकडा लपवू नका. तुम्हाला हा कॅन चालेल की नाही, ते त्या आकड्यावरूनच सांगता येतं.