राखण आणि पेटारा

भयपट अंधश्रद्धा पसरवतात आणि त्यात एखाद्या समाजाचे दुखवट्याचे विधी आले की त्या समाजाची विटंबनाही होते, असं सोलापुरातले आमचे विवेकवादी मित्र हिरिरीने मांडतात. आक्षेप पोकळ नाही. २०२१चा इमरान हाश्मीचा 'डिबुक' घ्या. जुन्या पेटाऱ्यात कोंडलेला ज्यू आत्मा आणि तो काढायला आलेला रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू! ज्यू लोककथेतला डिबुक माणसाच्या अंगात शिरतो. पेटाऱ्याची कथा मात्र केविन मॅनिस या अमेरिकन गृहस्थाने २००३मध्ये ईबेवर जुनं कपाट विकताना रचली आणि पुढे ती रचल्याचं कबूलही केलं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवलेल्या आपल्या 'शनवार तेली' बेने इस्रायल ज्यूंच्या माथी हा पेटारा कशाला?

पण इथे खोट भुताची नाही, उसनवारीची आहे. किथ थॉमसचा 'द व्हिजिल' (२०१९) पाहिला की हे कळतं. ज्यू रिवाजात दफन होईपर्यंत मृताला एकटं ठेवत नाहीत. कुणीतरी स्तोत्रं म्हणत जागतं. ब्रुकलिनच्या बरो पार्कमधला याकोव्ह कर्मठ पंथ सोडून आलेला, पैशाच्या निकडीपायी तो एका रात्रीची राखण पत्करतो. मृत म्हातारा नाझी छळातून वाचलेला. त्याला आयुष्यभर चिकटलेला 'मझ्झिक' हा दुष्टात्मा आता याकोव्हच्या मागे लागतो, कारण धाकट्या भावाच्या मृत्यूचा सल त्यालाही पोखरतोय. (दचकवणारे आवाज थोडे कमी असते तर बरं झालं असतं.)

यात अंधश्रद्धा कुठे आहे? २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूंच्या अघोरी प्रकारांना चाप लावतो. इथे गंडेदोरे विकणारा कुणी नाही, सुटका करायला मांत्रिकही येत नाही. याकोव्हला आपल्या अपराधभावाला स्वतःच सामोरं जावं लागतं.

आणि ही रात्र सोलापूरला परकी नाही. लिंगायत घरात मृताला बसवून भजनं चालतात. इतर घरांतही पुण्या-मुंबईची माणसं पोचेपर्यंत उशाशी दिवा ठेवून शेजारीपाजारी बसतात. चहा फिरतो, मृताच्या आठवणी निघतात, जुने हिशेबही. तिथे कुणाला काय छळतं, यावर मराठीत भयपट निघाला तर मी पहिल्या खेळाला जाईन. आक्षेप घेणाऱ्यांनीही यावं, तिकिटं माझ्याकडून.